पाटीवर नसलेले आकडे

रणगाड्याची ओळख जगभर एकाच पद्धतीने करून दिली जाते. वजन इतके टन, कवच इतके मिलिमीटर, तोफ इतक्या व्यासाची, इंजिन इतक्या अश्वशक्तीचे, आत माणसे चार किंवा पाच. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पहिल्या पाच-सहा गाड्यांपर्यंत हे आकडे तोंडात बोट घालायला लावतात, आणि मग एकमेकांत मिसळून जातात. रणगाडे आणि चिलखती गाड्या मिळून पन्नासच्या आसपास नग आहेत. सव्वीस टन, चाळीस टन, पन्नास टन. अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर, एकशे पाच मिलिमीटर. तासाभराने पन्नास टनांचेही काही वाटेनासे होते.

मती गुंग करणारे आकडे खरे तर वेगळेच आहेत. अशा किती गाड्या बनल्या? त्यांतल्या किती लढाईच्या जागेपर्यंत पोचल्या? किलोमीटरमागे किती पेट्रोल प्यायल्या? युद्धांचा निकाल पुष्कळदा या हिशेबावर लागला, आणि गाडीसमोर उभे राहून तो दिसत नाही. एकेका गाडीमागे आपणच तो उभा करावा लागतो.

हे संग्रहालय नगरलाच असावे हे ओघाने आलेच. भारतीय सैन्याच्या रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८पासून इथे आहे, आणि खारे कर्जुन्याकडच्या के. के. रेंजवरचे तोफांचे आवाज नगरकरांना पाऊस-वाऱ्याइतके ओळखीचे. संग्रहालय त्यामानाने अलीकडचे, १९९४मधले. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी त्याचे उद्घाटन केले. रणगाड्यांचे एवढे मोठे संग्रहालय आशियात क्वचितच सापडेल.

सुरुवात रोल्स-रॉइसपासून करावी. होय, तीच रोल्स-रॉइस, संस्थानिकांची. सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे ठोकून आणि वर मशीनगनचा मनोरा बसवून ही चिलखती गाडी केली. वजन पावणेपाच टनांच्या आसपास आणि वेग ताशी सत्तर किलोमीटर. सडकेवर ती भन्नाट पळे, पण खंदक आणि काटेरी तारा आल्या की संपले. खंदक ओलांडणारे यंत्र हवे होते, म्हणून रणगाडा जन्माला आला.

पहिल्यांदा तो लढाईत उतरला १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर. ब्रिटिशांनी हल्ल्यासाठी ४९ रणगाडे नेमले होते. हल्ला जिथून सुरू व्हायचा त्या रेषेपर्यंत पोचले ३२. शत्रूची एक गोळीही न लागता एक-तृतीयांश फौज गारद. उरलेल्यांची कथाही फार निराळी नव्हती. २८ टनांच्या त्या धुडात १०५ अश्वशक्तीचे इंजिन, तेही माणसांच्या मधोमध उघडे ठेवलेले. आत आठ जण, त्यांतले चौघे निव्वळ गाडी चालवायला लागत. वेग माणसाच्या झपझप चालण्याएवढा, आणि आतले तापमान पन्नास अंशांच्या पुढे. धुराने माणसे बेशुद्ध पडत.

वर्षभरानंतर, २० नोव्हेंबर १९१७ला, काँब्रेच्या लढाईत ४७६ रणगाडे एकदम सोडले. रणगाडा दलाच्या इतिहासातला हा सोन्याचा दिवस मानतात. पण त्याच दिवसाचा संध्याकाळचा हिशेब पाहा. १७९ रणगाडे निकामी झाले. शत्रूच्या माऱ्याने ६५. यंत्र बिघडून ७१. खड्ड्यात नाहीतर खंदकात रुतून ४३. म्हणजे जर्मनांनी जेवढे संपवले त्याच्या पावणेदोनपट रणगाडे आपले आपणच बसले. रणगाड्याचा सगळ्यात मोठा शत्रू त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स असतो, ही गोष्ट पुढची शंभर वर्षे फारशी बदलली नाही.

नगरच्या संग्रहातली दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश मटिल्डा बघताना पाहणारे कवचावर थाप मारतात. तिथे हात आपोआप जातोच. ७८ मिलिमीटर जाड पोलाद, सव्वीस टनांहून अधिक वजन. पण तिच्या पोटात दोन साधी डिझेल इंजिने शेजारी शेजारी बसवली आहेत, लंडनच्या बसगाड्यांच्या घराण्यातली. एवढ्या वजनासाठी वेगळे इंजिन तयार करायला वेळच नव्हता, तेव्हा हाताशी होती ती दोन जुंपली. अशा २,९८७ मटिल्डा बनल्या. जवळच जपानी हा-गो आहे, जेमतेम साडेसात टनांचा. त्याचे सर्वांत जाड कवच १२ मिलिमीटर. चर्चिल रणगाड्याच्या सातव्या आवृत्तीचे पुढचे कवच १५२ मिलिमीटर. हे दोघे एकाच महायुद्धात, एकाच जातीचे यंत्र म्हणून लढले यावर विश्वास बसत नाही.

आता खरी मोठी बेरीज. अमेरिकेने शर्मन रणगाडा १९४२च्या फेब्रुवारीपासून १९४५च्या जुलैपर्यंत बनवला. एकूण ४९,२३४. महिन्याला बाराशे, दिवसाला चाळीस. सुट्टी नाही, सण नाही, सलग साडेतीन वर्षे. जर्मनीच्या ज्या टायगर रणगाड्याच्या नावानेच दोस्तांच्या सैनिकांना घाम फुटायचा, तो दोन वर्षांत बनला १,३४७. दिवसाला दोनसुद्धा नाही. जगात जेवढे टायगर बनले तेवढे शर्मन अमेरिकी कारखाने ३४ दिवसांत बाहेर काढत होते. टायगर एकास एक लढला तर भारीच होता, यात वाद नाही. पण एकास एक लढायची संधी त्याला मिळणार कशी?

शर्मनची एक आवृत्ती मला फार आवडते, कारण तिच्यात घाईचे शास्त्र दिसते. शर्मनमध्ये बसवायची विमानांची इंजिने विमानांनाच पुरत नव्हती. तेव्हा क्रायस्लर कंपनीने मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिने एका दांड्याभोवती गोल जोडली. तीस सिलिंडरचे एक इंजिन! कुठल्याही मेकॅनिकने कपाळावर हात मारावा अशी ही रचना. तरी ती चालली, आणि तिच्यावर ७,४९९ रणगाडे धावले.

सोव्हिएत टी-३४चा हिशेब मात्र वाचवत नाही. युद्धानंतरचे धरून तो सुमारे ८४ हजार बनला. महायुद्धात नष्ट झालेले टी-३४ सुमारे ४५ हजार. एका टी-३४मध्ये चार किंवा पाच माणसे असत. त्यापुढचा गुणाकार करायला बोट कचरते, आणि तो नेमका करताही येत नाही, कारण जळत्या रणगाड्यातून काही जण बाहेर पडायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रणगाड्यात बसायचे.

त्याचा वंशज टी-५५ भारतीय सैन्यानेही पुष्कळ वर्षे वापरला. टी-५४ आणि टी-५५ मिळून किती बनले याचे अंदाज ८६ हजारांपासून एक लाखापर्यंत जातात. इतिहासात एवढ्या संख्येने दुसरा रणगाडा बनलेला नाही. पण त्यापेक्षा मोजदादीतली ही तफावत बघा, १४ हजार. जगातल्या सगळ्या टायगरांच्या दहापट रणगाडे इथे नुसत्या 'अंदाजे' या शब्दात मावले आहेत. दुसऱ्या टोकाला जर्मनांचा माउस आहे. १८८ टनांचा, आजवरचा सर्वांत जड रणगाडा. बनले दोन. त्यांतून जुळवलेला एक मॉस्कोजवळच्या कुबिंका संग्रहालयात आहे. नाव मात्र उंदराचे.

नगरमध्ये रणगाडा नसलेली एक वस्तू आहे, तिच्यापाशी जरा जास्त वेळ घालवावा. जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ. मुळात विमाने पाडण्यासाठी बनवलेली, पण नळी आडवी केली की रणगाड्यांचा काळ. तिचा गोळा साडेनऊ किलोच्या आतबाहेर, आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर. शाळेतले सूत्र लावून पाहिले. चौदा-पंधरा टनांची भरलेली एसटी ताशी ७५ किलोमीटरने धावत असेल, तर तिच्यात जेवढी ऊर्जा असते तेवढी या साडेनऊ किलोच्या गोळ्यात असते. फरक इतकाच की एसटी आदळली तर सगळ्या तोंडाने आदळेल. हा गोळा ती सगळी ऊर्जा तळहाताएवढ्या जागेत ओततो. मटिल्डाचे ७८ मिलिमीटर मग अगदीच पातळ वाटायला लागतात.

पण हीच तोफ मूळ कामाला, म्हणजे आकाशाकडे रोखली की चित्र उलटते. १९४४च्या सुमारास एक बॉम्बर पाडायला या तोफांचे सरासरी १६ हजार गोळे खर्ची पडत. सोळा हजार! साडेनऊ किलोंनी गुणले तर दीडशे टन. ज्या विमानासाठी ही दारू उडायची ते अमेरिकी बी-१७ बॉम्ब आणि पेट्रोल धरून तीस टनांच्या आत. आपल्या वजनाच्या पाचपट पोलाद हवेत उडवायला लावून एक विमान पडायचे. आणि त्या गोळ्यांच्या कपच्या परत खाली, जर्मन शहरांच्याच छपरांवर यायच्या.

पॅटन रणगाड्यांसमोर मराठी माणूस हमखास थांबतो. १९६५च्या युद्धाच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या गेल्या, आणि त्यांत पॅटन हा रावण होता. खेमकरणजवळच्या असल उत्तरला ८ ते १० सप्टेंबर असे तीन दिवस लढाई चालली. भारतीय नोंदींप्रमाणे पाकिस्तानचे ९७ रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले. त्यांतले बहुसंख्य पॅटन, आणि बरेचसे चालू स्थितीत. पुढे भिखीविंडला ते ओळीने उभे केले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. त्यांच्यासमोर कोण होते? डेक्कन हॉर्सचे शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माल. हलके फ्रेंच एएमएक्स-१३. आणि एका रेजिमेंटचे सेंच्युरियन. शिवाय जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ घेऊन उसाच्या आडून मारा करणारे हवालदार अब्दुल हमीद, ज्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

पॅटनचे कवच, तोफ, नेम धरायची यंत्रणा, सगळे कागदावर सरस होते. कागदावर नव्हते ते पाणी. शेतांत पाणी सोडलेले होते, उभ्या उसाने नजर अडत होती, आणि चव्वेचाळीस टनांहून जड गाड्या चिखलात मंदावत, रुतत होत्या. पेट्रोलही लक्षात घ्यावे. पॅटनच्या एम-४७ आवृत्तीच्या टाकीत जवळपास ८८० लिटर पेट्रोल मावे आणि त्यावर ती धावे १६० किलोमीटर. किलोमीटरला साडेपाच लिटर. शंभर पॅटनची फौज शंभर किलोमीटर न्यायची तर ५५ हजार लिटर, तेही सडकेवर. शेतातून, चिखलातून, वळत-थांबत गेल्यावर किती, ते विचारू नये. रणगाड्यांच्या मागून पेट्रोलचे टँकर चालत येतात, आणि त्यांना कवच नसते.

पुण्याचे नाव मिरवणाऱ्या पूना हॉर्सकडे त्या युद्धात सेंच्युरियन होते. रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले. फिलोराच्या लढाईत आणि नंतरच्या दिवसांत त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे साठ रणगाडे टिपले, स्वतःचे नऊ गमावले, अशी त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रातली नोंद आहे. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ला, याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत होते. जन्म पुण्याचा, वय २१. आपल्या सेंच्युरियनला आग लागल्यावर मागे येण्याचा हुकूम आला, तो त्यांनी मानला नाही. तोफ अजून चालते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे संपले, त्यांतले चार खेत्रपालांनी एकट्याने टिपले. रणगाडा दलाला आजवर मिळालेली परमवीर चक्रे दोनच, आणि दोन्ही पूना हॉर्सची. खेत्रपालांचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. जगात ४,४२३ सेंच्युरियन बनले, त्यांतला तो एक. इथे एक हा आकडा पुरेसा आहे.

लांबी-रुंदीप्रमाणे उंचीचाही हिशेब असतो. १ नोव्हेंबर १९४८ला जनरल थिमय्यांनी झोजी ला खिंडीत हलके स्टुअर्ट रणगाडे चढवले. साडेतीन हजार मीटर उंची, वर बर्फ पडत होते. खालच्या रस्त्यावरचे पूल वजन पेलणारे नव्हते, म्हणून काहींचे मनोरे सोडवून वेगळे नेले आणि पुढे पुन्हा बसवले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हते. १९६२मध्ये तर एएमएक्स-१३ जातीचे सहा रणगाडे विमानात घालून लडाखमध्ये चुशूलला उतरवले, ४,३०० मीटरवर. रणगाडा चौदा-पंधरा टनांचा, आणि एएन-१२ विमानाची नेहमीची वाहण्याची ताकद वीस टन. पण विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिने धापा टाकतात, आणि ते वीस टन झपाट्याने घटतात. त्या विमानांच्या वैमानिकांविषयी रणगाड्यांच्या पुस्तकांत फारसे लिहिलेले नसते.

विमानांचा हिशेब लावायचा तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जावे लागते. तिथले वेस्टलँड वापिती हे दोन पंखांचे विमान जगात शिल्लक राहिलेले एकमेव. भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ होती चार वापिती. चार विमानांचे हवाई दल! अकरा वर्षांनी, मार्च १९४४मध्ये, अमेरिकी कारखान्यांनी एका महिन्यात नऊ हजारांहून अधिक विमाने बनवली. मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यात तर चार इंजिनांचे बी-२४ लिबरेटर बॉम्बर ऐन भरात ६३ मिनिटांना एक या गतीने बाहेर पडत होते.

याच लिबरेटरचे एक विमान पालमला आहे, आणि त्याची गोष्ट विलो रनच्या बरोबर उलटी. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अशी कितीतरी विमाने कानपूरला टाकून दिली, पुन्हा उडू नयेत अशा बेताने मोडतोड करून. स्वतंत्र भारताला बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारात हात घातला. एकाचा पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे करत ती विमाने कानपूरहून बंगळूरला उडवत नेण्याइतपत जुळवली, आणि तिथे नीट बांधून चाळीसच्या आसपास बॉम्बर उभे केले. कानपूर ते बंगळूर हे उड्डाण ज्यांनी केले त्यांच्या हिमतीला काय म्हणावे! भारताने लिबरेटर १९६८पर्यंत चालवले, जगात बहुतेकांनी ते केव्हाच वितळवून टाकल्यावर. १८ हजारांहून अधिक बनलेल्या या विमानांपैकी आज धड शिल्लक आहेत ती जेमतेम डझन-दीड डझन, आणि त्यांतली बरीचशी भारतीय हवाई दलातून गेलेली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आणि ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात जी उभी आहेत ती आपल्याकडचीच.

गोव्याला दाबोळीजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाचे विमान संग्रहालय आहे. समुद्रावर जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे वळतात. १९९८मध्ये ते सुरू झाले. तिथले शॉर्ट सीलँड हे पाण्यावर उतरणारे विमान बनलेच मुळी पंचवीसच्या आसपास, आणि त्यांतली दहा भारतीय नौदलाने घेतली. अंगणात सगळ्यांत मोठे दिसते ते सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाचे प्रवासी विमान, तिथून हवाई दलाकडे, आणि १९७६मध्ये समुद्रावर गस्त घालायला नौदलाकडे. पंखांचा विस्तार साडेसदतीस मीटर. चार इंजिनांची ताकद तेरा हजार अश्वशक्तीच्या घरात. पण मला त्याच्या देखभालीचा आकडा खिळवून ठेवतो. प्रत्येक इंजिनात १८ सिलिंडर, म्हणजे ७२. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे १४४. शिवाय जाणाऱ्या धुरातली ऊर्जा परत मिळवायला प्रत्येक इंजिनाला तीन टर्बाइन, म्हणजे बारा. समुद्रावरून दहा-बारा तासांनी परत आलेल्या विमानाच्या १४४ प्लगांपैकी नेमका कुठला बिघडला आहे ते गोव्याच्या दमट उन्हात शोधत बसणाऱ्या तंत्रज्ञाची कल्पना करा.

शेजारच्या सी हॅरियरपुढे पोरे गर्दी करतात, कारण हे विमान जागच्या जागी वर उठते आणि हवेत स्थिर राहते हे त्यांनी ऐकलेले असते. भारतीय नौदलात ते १९८३ ते २०१६ होते, आधी विक्रांतवर आणि नंतर विराटवर. त्याच्या पेगासस इंजिनाचा जोर पावणेदहा टनांच्या आसपास. तेव्हा सरळ खाली उतरताना विमानाचे वजन त्याहून कमी असायलाच हवे. न वापरलेले बॉम्ब आणि जास्तीचे इंधन घेऊन परत आलात तर उतरता येत नाही, ते समुद्रात टाकावे लागते. त्यातच पश्चिम किनाऱ्याची उष्ण हवा. तापलेल्या हवेत जेट इंजिनाचा जोर घटतो. तो भरून काढण्यासाठी विमानात सुमारे २२७ लिटर शुद्ध पाणी असते. उतरताना ते इंजिनात फवारले की टर्बाइन थंड राहते आणि जोर वाढवता येतो. हे पाणी पुरते सुमारे ९० सेकंद. सेकंदाला अडीच लिटर. तेवढ्या वेळात वैमानिकाने हलणाऱ्या जहाजाच्या बाजूला येऊन थांबायचे, आडवे सरकून डेकच्या वर यायचे आणि खाली बसायचे. एक्क्याण्णवाव्या सेकंदाला तो डेकवर तरी असला पाहिजे, नाहीतर नाक पुढे करून वेग धरत तिथून निघालेला तरी.